साखर नावाचा मुलगा आणि ‘झालं बाई’



आज धडा नाही, कविता नाही, एका चित्रपटाबद्दल लिहायचंय. चित्रपटाचं नाव ‘शुगर’. २००८ सालचा आहे, अमेरिकेतला. ॲना बोडेन आणि रायन फ्लेक या दोघांनी मिळून लिहिला आणि दिग्दर्शित केला. (हीच जोडी पुढे २०१९ मध्ये ‘कॅप्टन मार्व्हल’ करून बसली. तुमच्या घरातल्या मुलांना विचारा, ती लगेच सांगतील. पण हा चित्रपट त्याच हातांनी केलाय असं अजिबात वाटत नाही.) विषय बेसबॉलचा आहे. आता तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याला बेसबॉलचं काय? मलाही तसंच वाटलं होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले, जेवले आणि वेळ घालवायला म्हणून लावला. मध्येच थांबवला आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले. का, ते पुढे सांगते.

आधी गोष्ट. डोमिनिकन रिपब्लिक नावाचा कॅरिबियन समुद्रातला एक छोटा देश आहे. तिथे सान पेद्रो दे माकोरिस नावाचं शहर आहे. या शहराच्या दोन ओळखी. एक ऊस आणि साखर कारखाने, दुसरी बेसबॉल. सॅमी सोसा, रॉबिन्सन कानो, अल्फोन्सो सोरियानो अशी मोठमोठी नावं याच भागातून अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये गेली. म्हणजे गल्लीत खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यासमोर कुणीतरी ‘आपल्यातला’ मोठा झालेला आहे. अमेरिकेच्या मुख्य लीगमधले संघ या देशात आपल्या अकादम्या चालवतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं करारबद्ध करायची, तिथेच ठेवायची, तयार करायची आणि जी चांगली निघतील ती अमेरिकेत न्यायची, अशी ही पद्धत. चित्रपटातला मिगेल सांतोस अशाच एका अकादमीत आहे. संघाचं नाव कॅन्सस सिटी नाइट्स, ते काल्पनिक आहे, पण पद्धत खरी. मिगेलला सगळे ‘शुगर’ म्हणतात. का म्हणतात, याचं उत्तर चित्रपटात प्रत्येक जण वेगळं देतो. तो स्वतः म्हणतो, मी मुलींशी गोड बोलतो म्हणून!

शुगर पिचर आहे, म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज म्हणा. फरक एवढाच की चेंडूला टप्पा नसतो, तो हवेतूनच फलंदाजापर्यंत पोहोचवायचा. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमी. टप्पा नाही म्हटल्यावर फलंदाजाला फसवायचं कसं? हवेतच चेंडू वळवून. शुगर असा एक वळणारा चेंडू शिकतो, त्यात तर्जनी दुमडून तिचं टोक चेंडूवर रोवायचं असतं. त्या एका चेंडूवर त्याला अमेरिकेचं बोलावणं येतं. चौथी-पाचवीच्या मुलांना रबरी चेंडू देऊन ही पकड नुसती करायला सांगा. हात, बोटं, फिरकी, हवेचा दाब, सगळं बोलता येतं. असो, तो वेगळा तास झाला.

मला थांबवलं ते या अकादमीतल्या इंग्रजीच्या वर्गानं. बाकांवर धिप्पाड पोरं बसलीत आणि एका सुरात म्हणतायत, ‘आय गॉट इट! आय गॉट इट!’ म्हणजे ‘हा झेल माझा, मी घेतो’. मग ‘होम रन’. आपल्या वर्गातली बाराखडी आठवते बघा, तोच सूर, तीच मान डोलावणं. बघताना हसू येतं. पण जरा विचार करा, हे कुणाच्या उपयोगाचं इंग्रजी आहे? झेल घेताना दोन खेळाडू एकमेकांवर आदळू नयेत, प्रशिक्षकाची सूचना कळावी, एवढ्यापुरतं. संघाला जे शब्द लागतात ते शिकवले. भूक लागल्यावर, पाय दुखल्यावर, एकटं वाटल्यावर त्या पोराला जे शब्द लागणार आहेत, त्यांचा वर्ग कुठेच नाही.

त्याचा परिणाम अमेरिकेत गेल्यावर लगेच दिसतो. ही मुलं हॉटेलात जातात. मेन्यू कार्ड इंग्रजीत. त्यातल्या जुन्या खेळाडूला एकच पदार्थ मागता येतो, फ्रेंच टोस्ट. म्हणजे अंड्या-दुधात बुडवून भाजलेला ब्रेड, गोड असतो. मग सगळे तेच मागवतात. रोज. आवडतो म्हणून नव्हे, उच्चारता येतो म्हणून! पुढे एकदा शुगर एकटा असतो, त्याला अंडी खायची असतात. तो धीर करून अंडी मागतो. वाढणारी बाई विचारते, कशी हवीत? झालं, तिथे गाडी अडली. ती प्रकार सांगते, याला एकही शब्द कळत नाही. शेवटी तो म्हणतो, फ्रेंच टोस्ट.

आता ती बाई काय करते बघा. ती आत जाते आणि एका ताटलीत वेगवेगळ्या पद्धतीनं केलेली अंडी घेऊन येते. एकेकाकडे बोट दाखवून नाव सांगते. ही स्क्रॅम्बल्ड, म्हणजे आपली भुर्जी म्हणा. ही सनी साइड अप, आपण जिला हाफ फ्राय म्हणतो. ही ओव्हर ईझी, उलटून किंचित भाजलेली. तो ऐकतो, बघतो, खातो. दोन मिनिटांचा प्रसंग असेल. पार्श्वसंगीत नाही, डोळ्यांत पाणी नाही. पण मी डी.एड.ला असताना मूर्ताकडून अमूर्ताकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे असं जे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, ते सगळं या बाईच्या एका ताटलीत होतं. तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तिनं त्याला ‘परत नीट ऐक’ म्हटलं नाही, आवाज चढवला नाही. (आपण करतो हो हे. मुलाला कळलं नाही की तेच वाक्य मोठ्यानं म्हणतो.) त्याचं ‘फ्रेंच टोस्ट’ हे खरं उत्तर नाही, अडकल्याची खूण आहे, एवढं तिनं ओळखलं.

इथेच मी चित्रपट थांबवला होता. कारण मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली.

आमची शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात. त्यांच्यातली काही मुलं एप्रिलपर्यंत आमच्या पटावर असतात. ही मुलगी तिसरीत बसायची. घरी गोरमाटी बोलणारी. मराठी तिला येत नव्हती असं नाही, पण वर्गातली मराठी, पुस्तकातली मराठी तिच्यापासून लांब होती. मी विचारायचे, ‘लिहून झालं का?’ ती म्हणायची, ‘झालं बाई.’ ‘वाचून झालं?’ ‘झालं बाई.’ वहीत तारीख आणि वार, बस्स. मी तिला आळशी समजत होते. सहकारी बाईंजवळ तसं बोललेही होते. आणि एक दिवस तिचा चेहरा लाल दिसला, कपाळ तापलेलं. मी विचारलं, ‘बरं वाटतंय ना गं?’ तर म्हणाली, ‘झालं बाई.’

त्या दिवशी मला नुसतं चमत्कारिक वाटलं होतं. त्या शनिवारी कळलं. ‘झालं बाई’ हा तिचा फ्रेंच टोस्ट होता. हा एक शब्द म्हटला की बाई पुढच्या बाकाकडे जातात, हे तिला माहीत होतं. आणि तिला हे शिकवलं होतं कुणी? मीच. ‘झालं का, झालं का’ करत वर्गभर फिरणारी मीच.

तर परत चित्रपटाकडे. शुगरला आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावी पाठवतात. तिथे मुख्य लीगच्या बऱ्याच पायऱ्या खाली असलेला संघ आहे. वर जायचं तर एकेक पायरी चढायची, आणि प्रत्येक पायरीवर गळती. राहायची सोय एका वयस्कर शेतकरी जोडप्याकडे, हिगिन्स आजी-आजोबा म्हणू. चहूकडे मक्याची शेतं. घर स्वच्छ, माणसं देवभीरू, प्रेमळ. दर हंगामात ते संघातल्या एका खेळाडूला घरी ठेवून घेतात. मला या चित्रपटाचं सगळ्यात आवडलं ते हे, की यात खलनायक नाही. आजी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलायचा प्रयत्न करते. आजोबांना बेसबॉलचं वेड. कुणी त्याला हिडीसफिडीस करत नाही. तरीही जेवणाच्या टेबलावर तो एकटा असतो. आजी-आजोबांना त्याच्या चेंडूची गती कळते, त्याच्या मनातलं कळायला भाषाच नाही. नातीशी मैत्री होते, तिथेही आपुलकी कुठली आणि प्रेम कुठलं याचा त्याचा अंदाज चुकतो. चांगुलपणा पुरेसा नसतो, ही गोष्ट पडद्यावर इतक्या शांतपणे सांगितलेली मी फार कमी पाहिलीय.

संघात त्याचे दोन मित्र. एक होर्हे, त्याच्याच देशातला, अनुभवी, गुडघा दुखावलेला. परक्या मुलखात कसं वागायचं हे शुगरला तोच शिकवतो, आणि एक दिवस संघ त्याला मोकळा करतो. दुसरा ब्रॅड, अमेरिकी मुलगा, स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठात शिकून आलेला. दोघांचं छान जमतं. पण पालकहो, इथे जरा लक्ष द्या. ब्रॅडला खेळ जमला नाही तर त्याच्याकडे शिक्षण आहे. शुगरला जमला नाही तर? त्याच्यामागे आई, बहीण, अर्धवट बांधलेलं घर आणि गावभर झालेलं नाव. दोघं एकाच मैदानावर, एकाच गणवेशात उतरतात, पण एकाच्या पायाखाली जाळी आहे आणि दुसऱ्याच्या नाही. आठवी-नववीत शाळेला रामराम ठोकून मुलाला क्रिकेट अकादमीत घालणारे पालक मी पाहिलेत. मुलाच्या कष्टांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या दिवशी शाळा सोडली त्या दिवशी आपण त्याची जाळी काढून घेतली, याचा हिशेब कुणी करत नाही.

चित्रपटात रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव येतं. वर्गात सांगायला ही गोष्ट फार चांगली आहे. पोर्तो रिकोचा हा खेळाडू पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. मुख्य लीगमध्ये त्याचे बरोबर ३००० हिट्स झाले. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पुढच्याच वर्षी त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, लॅटिन अमेरिकेतून आलेला तो पहिला. एवढा मोठा माणूस, पण उमेदीच्या काळात अमेरिकी वर्तमानपत्रं त्याचं इंग्रजी बोलणं त्याच्या उच्चारासकट, जसंच्या तसं वेडंवाकडं छापायची. आणि रॉबर्टो म्हणायला जड म्हणून त्याला ‘बॉब’ करून टाकलेलं. त्याला ते आवडत नसे. आपल्या वर्गात ‘न’ आणि ‘ण’वरून हशा पिकतो ना, तेव्हा मला हल्ली क्लेमेंटे आठवतो. पट वाचताना एखाद्या मुलाचं नाव आपल्या सोयीनं बदलून टाकतो तेव्हाही.

शुगरचं पुढे काय होतं? सुरुवात झोकात होते. मग एका अगदी साध्या खेळीत, पहिल्या बेसकडे धावताना पाय दुखावतो. परत येतो तेव्हा लय गेलेली असते. चेंडू जाईल तिथे जात नाही. तो गोळ्या घेऊन बघतो, त्यानं आणखी बिघडतं. तेवढ्यात त्याच्याच देशातला आणखी तरुण पिचर संघात दाखल होतो आणि चमकू लागतो. काही महिन्यांपूर्वी शुगर ज्या जागेवर होता, नेमक्या त्याच जागेवर.

कुठल्याही खेळाच्या चित्रपटात आता काय होईल सांगा बघू? शेवटचा सामना, शेवटचा चेंडू, विजय, बरोबर? आपल्याकडे पुष्कळांना ‘मिलियन डॉलर आर्म’ माहीत असेल. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोन तरुण, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, अमेरिकेत गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. (हा रिंकू सिंह वेगळा, क्रिकेटवाला नव्हे.) त्यांच्यावर २०१४ मध्ये डिस्नेनं चित्रपट काढला. चांगला आहे, मुलांना दाखवता येतो. पण तो करार होताच टाळ्यांमध्ये संपतो. खऱ्या आयुष्यात दिनेशला २०१० मध्ये संघानं मोकळं केलं. रिंकू काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला आणि नंतर कुस्तीच्या व्यावसायिक कार्यक्रमांकडे वळला. मुख्य लीगपर्यंत दोघंही पोहोचले नाहीत. बहुतेकांचं असंच होतं. ‘शुगर’ सुरू होतो तो तिथे, जिथे दुसरे चित्रपट संपतात.

शुगर एक दिवस बॅग उचलतो आणि संघाला न सांगता न्यूयॉर्कची बस पकडतो. होर्हे तिथे आहे एवढंच त्याला माहीत. संघ सोडला म्हणजे ज्या व्हिसावर आला तोही गेला. आता तो लाखो परदेशी मजुरांपैकी एक, कागदपत्रं नसलेला. स्वस्तातली खोली, हॉटेलात पडेल ते काम. मला या भागात भीती वाटत होती, की आता हा वाया जाणार, गुन्हेगारीत जाणार. तसं होत नाही. त्याला सुतारकाम येतं. ओस्वाल्दो नावाचा पोर्तो रिकोचा एक सुतार त्याला आपल्या कारखान्यात जागा देतो. तिथे तो आईसाठी टेबल करतो. रंधा मारतो, सांधे जुळवतो. चेंडू फेकणारे तेच हात. दिग्दर्शकांनी हा प्रसंग घाई न करता दाखवलाय. त्याच्या हातात हे कौशल्य आधीपासून होतं, फक्त त्याला मोल आहे असं आतापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. कार्यानुभवाच्या तासाला गणित उरकून घेणाऱ्या आपण सगळ्यांनी (मीही) हा भाग बघावा.

शेवटी ब्राँक्समधल्या एका मैदानावर रविवारी खेळणारी माणसं दिसतात. हॉटेलात, दुकानात, बांधकामावर राबणारी. एकेक जण कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव, गाव आणि कधीकाळी कुठल्या अमेरिकी संघानं आपल्याला घेतलं होतं ते सांगतो. एकामागून एक. तुम्हाला कळतं की शुगर एकटा नाही, मैदानभर शुगर आहेत. आणि ते खेळतायत, मजेत खेळतायत. मुख्य भूमिका करणारा आल्हेनिस पेरेस सोतो हा तरुण स्वतः डोमिनिकन, अभिनयाचा अनुभव नसलेला, बेसबॉल खेळणारा. म्हणूनच त्याचं गप्प बसणं खरं वाटतं.

एक सूचना. हा चित्रपट लहान मुलांना सरसकट दाखवण्यासारखा नाही. शिव्या आहेत, काही प्रसंग मोठ्यांचे आहेत. आधी स्वतः बघा. अंड्यांच्या ताटलीचा प्रसंग मात्र वेगळा काढून केंद्राच्या शिक्षण परिषदेत दाखवता येईल, मी आमच्याकडे तसं सुचवलंय. चर्चेला प्रश्न एकच पुरे: तुमच्या वर्गातला फ्रेंच टोस्ट कोणता?

सोमवारी मी त्या मुलीच्या बाबतीत काय केलं ते सांगते, फार मोठं काही नाही. फळ्यावर वर्गासाठी पाच गोष्टी लिहिल्या. ‘समजलं नाही’, ‘परत सांगा’, ‘दुखतंय’, ‘नको’, ‘मदत हवी’. पाचही म्हणायचा खेळ घेतला. मीच चुकीचं गणित सोडवायचे आणि सगळ्यांनी ‘समजलं नाही’ ओरडायचं. मुलांना भयंकर मजा आली. मग तिला म्हटलं, तुझ्या भाषेत हे कसं म्हणतात ते आम्हाला शिकव. दोन दिवस ती बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पाठीमागच्या बाकावरच्या पोरानं तिला विचारलं, आईला काय म्हणतात गं? ती म्हणाली, ‘याडी’. वर्ग हसला, पण वेगळं हसला, आणि दिवसभर पोरं एकमेकांना ‘ए, तुझी याडी आली’ म्हणत राहिली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ‘झालं का’ विचारणं मी बंद केलं, त्याऐवजी ‘दाखव बरं, कुठवर आलंय’ म्हणू लागले. सवय जाता जात नाही, अजूनही तोंडात येतं.

वाचन तिचं फार पुढे गेलं नाही, खोटं कशाला सांगू. जोडाक्षरांशी आम्ही दोघी झगडतच होतो, तेवढ्यात कारखान्याचा पट्टा पडला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचे वडील बैलगाडी रस्त्याला उभी करून शाळेत आले, म्हणाले, बाई, निघतोय. मी तिचं शिक्षण हमी कार्ड भरलं. त्यात हजेरी आली, इयत्ता आली. मला तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून पुढच्या शाळेतल्या बाईंसाठी एक चिठ्ठी लिहून टाचणीनं कार्डाला लावली. ‘मुलगी कळलं नाही तर आता स्वतःहून सांगते. ती ‘झालं’ म्हणाली तर वही बघा.’